रोटाचा प्रसाद झाला

४ जुलै, शुक्र. जळगाव
पुण्याहून कादंबरीची प्रुफं आली. चहा ठेवून वाचायला बसले. चहा उतू गेला तरी कळलं नाही, कारण पान १८७. मी 'रोट' लिहिलं होतं तिथे तिथे 'प्रसाद'. एकवीस ठिकाणी! संपादकबाईंना फोन लावला. म्हणाल्या, "रोट वाचकांना कळत नाही हो मॅडम. राजस्थानी वाटतं. प्रसाद कसं, सगळ्यांना कळतं."
सगळ्यांना मिळतो म्हणून तर तो प्रसाद. सगळ्यांना मिळत नाही म्हणून तर तो रोट. डोकंच फिरलं. फोन ठेवून दिला.

५ जुलै, शनि.
बाईंना पत्र. तीन फाडली. चौथं जरा सभ्य झालं, त्यातलं थोडं इथे उतरवून ठेवते.
"आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. तिच्यापुढची गव्हाची जाड पोळी म्हणजे रोट. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही, सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. मानमोडीच्या, म्हणजे १९१८च्या तापाच्या साथीत पिंजाऱ्याची बायको गेली. तिच्या पोराला, रशीदला, माझ्या आजेसासूबाई गोदाअक्का घरी घेऊन आल्या. पुढच्या कानबाईला त्यांनी त्याला रोट दिला आणि अख्खी भावकी उठून गेली. चार वर्षं कोणी त्यांच्या घरचं पाणी प्यायलं नाही. प्रसाद दिला म्हणून कोण उठून जातं हो?"
शेवटी 'माझी कादंबरी त्या एका घासावर उभी आहे' असंही लिहिलं. नाटकी आहे. असू दे.

११ जुलै
बाईंचं उत्तर. "आपल्या भावना समजल्या." म्हणजे शब्द समजला नाही. "हवं तर तळटीप देऊ." वा! गोदाअक्का जन्मभर चुलीपाशी बसल्या, आता पानाच्या तळाशी बसा म्हणावं.
तरी बरं, शुक्रवारी नेमाने पोराला मशिदीत पोहोचवणारे आजेसासरे कापले नाहीत. त्यावर बारीक पेन्सिलने "हे शक्य आहे का?" एवढंच विचारलंय. शक्य! घडलंय ते.

१७ जुलै
ह्यांनी शिरपूरला थोरल्या भावाला, आबांना, सगळं सांगून टाकलं. पोटात काही राहील तर शपथ. संध्याकाळी आबांचा फोन, अर्थात ह्यांना. धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही ही आबांची मर्यादा. तिच्याबद्दल वाटेल ते बोलायला मर्यादा नाही. मी शेजारी उभी राहून ऐकलं.
"तुनी बायकोले सांग, परसाद लिखेल शे ना, तेच ऱ्हाऊ दे. रोट पिंजारीना पोऱ्याले दिधा आसं छापाई गयं तर बठ्ठी भाऊबंदकी हसी."
पुण्याची बाई आणि शिरपूरचे आबा, जन्मात भेटले नाहीत, पण दोघांचं एकमत. तिला कळत नाही म्हणून रोट नको, आबांना चांगला कळतो म्हणून नको. आणि गोदाअक्का आबांच्या सख्ख्या आजी! त्यांच्या मांडीवर वाढलेला माणूस हा.
हे नुसते "हं, हं". पस्तीस वर्षं नोकरीत साहेबापुढे हं केलं, आता भावापुढे.

२३ जुलै
आबांचा शेवटचा निरोप. "तो शबद छापाई गया तर यंदा तुमन्या मुठी घेवाव नही."
रोटाचे गहू थोरल्या घरी मापतात, भावकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. आमच्या घरच्या दोन, ह्यांची आणि आमच्या मुलाची, नितीनची. मूठ नाही तर रोट नाही, आणि रोट नाही तर आम्ही भावकीत नाही. ह्यांचा चेहरा उतरला, जेवले नाहीत. मलाही रडू आलं, पण रागाने. बाईच्या नावाची मूठ कधी घेतली का कोणी? दळायला बाई, भाजायला बाई, पंगतीत वाढायला बाई. मापात तेवढी नाही.
ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा, शब्द काढू का? उठून कोठीचं झाकण लावून आले.

२७ जुलै, रवि.
शिरपूरला जाऊन आले. आबांकडे नाही, सलीमभाईंकडे. रशीदचा नातू, गाद्यांचं दुकान. वाटलं, हा माणूस तरी माझ्याएवढा चिडेल. ते प्रकरण वाचून दाखवलं, रोटासकट. गादीला टाके घालता घालता त्यांनी ऐकलं.
"अच्छा लिखा भाभी. पन एक चूक शे."
"कोणती?"
"'गोदाअक्काने रोट दिला.' मना आजा, रशीददादा, आयकता तर उठी जाता. ते सांगेत, 'रोट माले कोणी दिधा नही. मनी मूठ व्हती मापमा.'"
गोदाअक्कांनी पाच वर्षांच्या पोराचा हात धरून, भावकीसमोर, त्याचीच मूठ गव्हात घातली होती. भावकी उठली ती तिथेच. पंगतीपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती.
विचारलं, तुमच्या घरात अजून खातात का? हसले. "देवीना निवद आम्ही नही खात. दादाबी मोठा व्हयना मंग खाये नही, नमाजी माणूस. पन मूठ ती मूठ."
एसटीत सगळी चीड माझ्यावरच उलटली. बाईंनी एका शब्दाचा प्रसाद केला, मी अख्ख्या प्रकरणाचा. 'दिला' लिहून मोकळी! भिक्षा घातल्यासारखं. गोदाअक्का स्वतः मला काय म्हणाल्या होत्या? "त्याना रोट त्यानी खादा." शुद्ध मराठीत आणता आणता मीच त्याचा वाटा खाल्ला. आणि वर दुसऱ्यांना शहाणपण शिकवते.

३० जुलै
प्रकरण पुन्हा लिहिलं, हात दुखेपर्यंत. पुण्याला पाठवलं. सोबत एक ओळ, रोट नसेल तर पुस्तक नको. बारा वर्षं घालवली या पुस्तकावर. पाठवल्यावर परत मागवावं असं वाटलं, खोटं कशाला लिहू.
अजून उत्तर नाही.

१ ऑगस्ट, शुक्र.
परवा कानबाई. आबांचं बोलावणं आलं नाही. पुण्याहूनही काही नाही.
सकाळी हे आंघोळ करून आले, कोठीतले गहू परातीत काढले आणि पाट घेऊन बसले. म्हटलं, अहो, आपल्याकडे नाही मापत, थोरल्या घरी मापतात.
"माहीत आहे."
सव्वा मूठ स्वतःची सुपात घातली. सव्वा मूठ नितीनची. पुन्हा परातीत हात घातला आणि थांबले.
"सलीमकडे पुरुष किती?"
"ते खाणार नाहीत हो. सांगितलं ना तुम्हाला."
"खायचं कोण म्हणतंय? मापायचं आहे. किती?"
तीनशे बारा पानं लिहिली मी त्या घरावर. मला माहीत नव्हतं.