काही होत नाही म्हणणारे

माय, जी गोळी तू जन्मभर आपल्या घरात शिरू दिली नाहीस, तिचं पाकीट आज माझ्या उशाजवळच्या स्टुलावर पडलं आहे. डोकं दुखलं की अख्खं गाव जी पाण्याबरोबर ढकलतं, तीच, रक्त पातळ करणारी. मी अमरावतीच्या एका दवाखान्यात खाटेवर बसून लिहितो आहे. मनगटाला पट्टी आहे, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं आहे, पण तुला कुठं वाचता येत होतं! मी रांगायला लागलो आणि गुडघे निळे पडायला लागले, तेव्हाच तू ओळखलंस की मामाचं दुखणं माझ्यात आलं. रक्त वाहायला लागलं की थांबत नाही. मामाचा अचलपूरला दात काढला, काढणारा म्हणाला, "काई नाई होत," आणि तुझा भाऊ तोंडातून रक्त वाहून गेला. त्या दिवसापासून "काई नाई होत" म्हणणारा माणूस तुझा वैरी झाला.

तुझी रीत मला तोंडपाठ आहे. बाळापूरच्या डॉक्टरनं गोळी लिहून दिली की तू आत त्याला विचारायचीस, "हिच्यानं रक्त वाहते का?" मग बाहेर येऊन कंपाउंडरला तेच, जसं काही आत विचारलंच नव्हतं. दोघांचं जुळलं नाही तर पुडी तिथंच ठेवून माझा हात धरून चालायला लागायचीस. मी लाजेनं मेल्यासारखा व्हायचो. एकदा कंपाउंडर चिडला, "बाई, डॉक्टरवर भरोसा नाही का तुमचा?" तू म्हणालीस, "नाई. तुमच्यावर बी नाई. लेकरू माझं हाय." मग रस्त्यावर मला म्हणालीस, "काहून लाजतं रे? लाजून रक्त थांबते का?"

आता मी बाळापुरातच बियाण्याचं दुकान चालवतो. ही वर्षं कशी चालली आहेत ते तुला सांगून खरं वाटणार नाही. कंपनीचा माणूस मोटारसायकलवर येतो, छातीवर हात ठेवून सांगतो की दाणा न् दाणा उगवणार, आणि पाऊस पडून गेल्यावर शेतकरी वांझ वावराचा फोटो घेऊन माझ्या दारात उभा राहतो. म्हणून मी प्रत्येक थैलीतले मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. कोंब आले तरच विकतो. लोक हसतात. तुझी सून म्हणते, "तुमी तं माणसालेबी गोणपाटात गुंडाळून पाहसान."

तर माझ्या छातीत दुखायला लागलं. अकोल्याला तपासलं, हृदयाची नळी तुंबलेली निघाली, आणि त्यांनी इकडे धाडलं, कारण रक्त गोठवणारं इंजेक्शन आणि माझं दुखणं जाणणारी डॉक्टर दोन्ही इथं होती. हृदयाचे डॉक्टर तरुण, घाईतले. मी तपासायच्या टेबलावर आडवा. ते म्हणाले, "नळीत औषध लावलेली जाळी बसवू, मग वर्षभर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या. घाबरू नका काका, काही होत नाही." माय, मी उठून बसलो. पाय खाली सोडले, चप्पल शोधायला लागलो. नर्स ओरडली. ज्याचं रक्त आधीच थांबत नाही त्याला हे ते आणखी पातळ करून देणार, आणि वर काही होत नाही म्हणणार! मला वाटलं, या जाळीत यांचं काहीतरी कमिशन अडकलेलं आहे. खरं सांगतो, तो संशय अजूनही पूर्ण गेलेला नाही.

मग तुझी रीत केली. रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि काही न सांगता तेच विचारलं. त्या म्हणाल्या, साधी, बिनऔषधाची जाळी, आणि दोन गोळ्या महिनाभरच, नंतर एक. जुळलं नाही! मी तुझ्या सुनेला म्हटलं, "चाल, पिशवी उचल." ती दारात आडवी उभी राहिली. "घरी जाऊन काय करसान? नळी तुंबलेली हाय, ते तं दोघंबी सांगून राहिले ना?" मला राग आला, कारण तिचं खरं होतं. मी परत आत गेलो आणि बाईंना तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुमचं आणि त्यांचं जुळत नाही. तुमच्यापैकी एक जण चुकतो."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि दोघं माझ्यासमोर भांडले, चांगले खणखणीत. शेवटी साधी जाळी ठरली. मांडीतून नाही, मनगटातून जायचं, म्हणजे रक्त आलं तर दाबून धरता येतं. आधी गोठवणारं इंजेक्शन, आणि गोळ्या चालतील तितके दिवस रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं. मी विचारलं, "मग काही होणार नाही ना?" बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "होऊ शकतं. रक्त वाहू शकतं, जाळी तुंबूही शकते. तुमच्यासारखे रुग्ण आम्ही फार पाहिलेले नाहीत. नक्की मला माहीत नाही." मी चप्पल काढली आणि म्हटलं, "करा मग."

टेबलावर नेण्याआधी त्यांनी विचारलं, घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का. मी नाही म्हणणार होतो. मग तू आठवलीस, चुलीपुढं बसलेली, छाती चोळत ओवा चावणारी. "जळजळ हाय, काई नाई होत," म्हणालीस. तूच म्हणालीस ते, माय! संध्याकाळी तू नव्हतीस. डॉक्टरांना मी सांगितलं, "आई. बहुतेक." तुला कोणत्याच दवाखान्यात नेलं नव्हतं, तेव्हा हा माझा संशयच. पण मला फार राग येतो तुझा. सगळ्या जगावर संशय घेतलास आणि स्वतःच्या छातीवर मात्र पटकन विश्वास ठेवलास.

जाळी बसली. मनगटातून थोडं रक्त आलं, दाबल्यावर थांबलं. आज सकाळी नर्सबाईनं तळहातावर गोळ्या ठेवल्या, पांढऱ्या, पिवळ्या. हे पत्र तुला पोचणार असतं तर पुढचं लिहिलं नसतं. मी त्या सगळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यालो, आणि मग विचारलं, "बाई, कोणत्या होत्या ह्या?"