वरच्या तुकड्यातल्या गाठी

तलवाडा, ११ डिसेंबर २०२४

चि. रोहिणीस सुंदरकाकाचा आशीर्वाद.

सोबत हरभऱ्याच्या मुळ्या हायेत, एस्टीच्या कंडक्टरजवळ देतोय. माझ्या डबड्या फोनात फोटू निघत न्हाई.

तू शेतीच्या कॉलेजातून आणलेली काळी भुकटी तुझ्या काकूनं गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळली. मी नगं म्हणत हुतो. आता वरच्या तुकड्यात मुळ्यांना गाठीच गाठी. खालच्या तुकड्याला भुकटी न्हाई, तितं गाठीबी न्हाईत. रोग पसरायच्या आत शनिवारी सुग्रीवचा ट्रॅक्टर घालून समदं मोडतो. काकू दोन दिस जेवली न्हाई, माज्यामुळं झालं म्हणती. रोग हाय का न्हाई एवढंच लिही. लांबण नगं.

लोभ हाय, येगळं लिहीत न्हाई.
सुंदरराव

बीड, १२ डिसेंबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

ट्रॅक्टर थांबवा. मुळ्या पाकिटात सुकून काळ्या पडल्या, त्यावरून मला खात्रीनं सांगता येईना. तुम्हालाच बघावं लागेल. खुरप्यानं ताजं झाड अलगद काढा. गाठ चिमटीनं ओढा. रोग असला तर मुळीच फुगलेली असते, गाठ सुटत नाही. सुटली तर नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काकूनं चोळलेले जिवाणू कामाला लागलेत. डोळ्याला न दिसणारे, एका गाठीत लाखोंनी. ते हवेतलं नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. लाल नसलं तर मी चुकले, खुशाल मोडा.

काकूला जेवायला लावा. माया आतासारखीच राहू द्या.
तुमची रोहिणी

तलवाडा, १४ डिसेंबर

चि. रोहिणीस आशीर्वाद.

सुग्रीव बांधावर ट्रॅक्टर घेऊन आलता, लई घाईत. मी झाड काढलं. गाठ सुटली. माझं नख जाड, म्हणून शेजारच्या छबूला बोलावलं. तिनं फोडली.

पोरी, आत रगत! तान्ह्या लेकराच्या तळव्यावानी रंग. दुसरी फोडली, तसंच. सुग्रीव इंजन बंद करून उतरला. तिघं उकिडवे बसलो. साठ वर्सं ह्या रानात चाललो, पायाखाली एवढा संसार हाय ठावं नव्हतं. नुसत्या वाऱ्यातून खत! सुग्रीव इचारतो, मग खालचा तुकडा मोडू का? म्हणलो, घरी जा बे.

काकूला चुकलो असं म्हणलो न्हाई. पुढच्या साली समदं बियाणं तूच चोळ, एवढं म्हणलो. जेवली.

एक कळंना. अंधारात, कुणी बघत न्हाई, तरी ते एवढं कशापायी राबतेत? सवडीनं लिही. लांबण चालंल.

लोभ असू दे, मातीच्या वरच्यांवर आन खालच्यांवरबी.
सुंदरराव