ठेक्यातली मोकळी जागा

अप्पा, गेल्या मालिकेत मी एक बॉल सोडला आणि माझा ऑफ स्टंप उडाला. चुकून नाही हं, चांगला बघून, बॅट वर उचलून, ऐटीत सोडला. मागं लाकूड वाजलं तेव्हाही मला वाटलं, कीपरच्या हातून काहीतरी पडलं असेल. मग समोरची बोलर हात पसरून धावत सुटली तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. टीव्हीवर ते दृश्य इतक्या वेळा दाखवलं की कुंभकोणमच्या आपल्या रस्त्यावरच्या दूधवाल्यालाही पाठ झालंय. त्यानं अम्माला विचारलं म्हणे, "पोरीला चष्मा लागला काय?" आणि अम्मा मला हे सांगताना तोंडाला पदर लावून हसते. डोळे मी तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर घारीची आहे, घरी जा. मी खरोखरच घरी आले.

तुम्ही गेलात तेव्हा मी राज्याच्या संघातसुद्धा नव्हते, त्यामुळं पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. थोडक्यात सांगते. तुमच्या मुलीनं पुष्कळ वर्षं देशासाठी ओपनिंग केलं, आणि गेलं वर्षभर तिच्या बॅटला बॉल सापडत नाही. वाईट वाटतं, वाटतं की. पण त्याहून जास्त नवल वाटतं. बॉल दिसतो, त्याची शिवण दिसते, कुठं पडणार ते कळतं, काय मारायचं तेही कळतं, आणि हे सगळं कळून बॅट खाली येईपर्यंत बॉल पॅडवर येऊन बसलेला असतो. मधे वेळ जातो कुठं? खांद्यात अडकतो, गुडघ्यात अडकतो, की डोक्यातच? नेट्समध्ये मी स्वतःलाच निरखत असते. पाय लवकर टाकून पाहिला तर फारच लवकर, थांबून पाहिलं तर उशीर. मागं एकदा आमचे कोच वैतागून म्हणाले, "तू बॅटिंग करतेस की संशोधन?" मी म्हटलं, सध्या बॅटिंग जमत नाही, संशोधन तरी करू द्या.

या संशोधनाचं घोडं तुमच्यापाशी येऊन अडतं, म्हणून लिहायला बसले. लिहितेय ती मराठी मात्र तुमची नाही. आपली घरातली, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात जपलेली जुनी मराठी मी संघात पहिल्यांदा बोलले तेव्हा महाराष्ट्रातल्या मुली पोट धरून हसल्या. एक म्हणाली, ही बघा पेशवाईतली आजी. पुढं काही वर्षांनी माझ्या खोलीत राहायला आलेल्या कोल्हापूरच्या एका पोरीनं मला आजची मराठी शिकवली. माझ्याहून खूप लहान आहे, तोंडानं फटकळ, आणि आता माझ्याबरोबर ओपनिंगला तीच येते. या गोष्टीत ती पुढं येणार आहे.

पुढच्या खोलीतला झोपाळा आठवतो का? तुम्ही त्याची फळी काढून भिंतीला टेकवलीत आणि वरच्या कडीला एका जुन्या मोज्यात बॉल घालून टांगलात. अम्मा स्वयंपाकघरातून ओरडतेय, "आता पाहुणे आले की बसवा त्यांना त्या बॉलवर!" तुम्ही ऐकत नाही. मी वाटीत रवा भिजवून आणते, ते माझं काम. आवाज भरदार व्हावा म्हणून तुम्ही तो गोळा मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापता, एकदा वाजवून कान देता, आणि म्हणता, "हां, मार." तुमच्या ठेक्यावर बॉल जातो, ठेक्यावर परत येतो, ठेक्यावर मी मारते. घाई केली की बॉल थेट तोंडावर. एकदा ओठ फुटला. भोकाड पसरलं, तर तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "बॉलला घाई नाही गे. घाई तुला आहे." तेव्हा मला तुमचा असा राग आला होता की दोन दिवस रवा भिजवला नाही. पुढं माझी बॅट तडकली, तेव्हा तुम्ही मृदंगाची जुनी वादी भिजवून ती बॅटीला अशी आवळून बांधलीत की चामडं वाळल्यावर बॅट टणटण वाजायला लागली. शाळेच्या सामन्यात मुली विचारायच्या, ही बॅट आहे की वाद्य? मी नाक वर करून सांगायचे, दोन्ही.

आणि मग तुमची शेवटची वर्षं. शेजारच्या मरुदानल्लूरला भजन चाललंय, तुमचे जुने सोबती भागवतरमामा गातायत, तुम्ही साथीला. जन्मभर भरभरून वाजवणारे तुम्ही, त्या एका संथ पदात, ऐन रंगात आल्यावर, उजवा हात वर उचलता आणि वाजवतच नाही. मामाही गप्प होतात. सगळे श्वास धरून बसलेले. मग तुमचा हात समेवर असा पडतो की लोक माना डोलावतात आणि म्हणतात, "पिकलेला हात आहे, काय सोडायचं ते कळतं." मी तेच गाठीला बांधलं. बॉल सोडायला मी वडिलांच्या मृदंगातून शिकले, असं मुलाखतींत सांगत आले. बॉल सोडण्यात हिचा हात धरणारं कुणी नाही, असं माझं नावच झालं. आणि शेवटी सोडतानाच बोल्ड झाले, तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. ते बोल तुम्ही मुद्दाम सोडत होतात, की बोटांतून येतच नव्हते?

हा नुसता चौकसपणा नाही. निवड समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आलाय. परदेश दौऱ्याला ओपनर म्हणून येणार असशील तर सोमवारपर्यंत कळव, नाहीतर घरच्या मैदानावर छानसा निरोपाचा सामना ठेवू, फुलं, भाषणं, सगळं. गोड आवाजात बोलल्या, म्हणून जास्त लागलं. अम्मानं कॉफी पुढं सरकवली आणि म्हणाली, "भाषण करू नको, तुला येत नाही. बाकी तुझं तू बघ." मला खेळायचंय, अप्पा. जीव तुटतो खेळायला. पण कुणाच्या तरी जागेवर, जुन्या नावाच्या जोरावर उभं राहायचं नाही. हात पिकलाय की संपलाय, हे मला कळायला हवं होतं, आणि तुमच्या हाताचं खरं सांगणारा एकच माणूस आता उरलाय.

काल सकाळी मरुदानल्लूरला गेले. भागवतरमामा फार थकलेत. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी वाकले, तर आशीर्वादाआधी म्हणाले, "ये गे लेकी, बैस. टीव्हीत तुझा स्टंप पाहिला." मी म्हटलं, सगळ्या जिल्ह्यानं पाहिला. मग आडपडदा न ठेवता तुमच्या उचललेल्या हाताचं विचारलं. मामा इतके हसले की खोकल्याची उबळ आली, मला पाणी द्यावं लागलं.

"पिकलेला हात? अगे, तुझ्या अप्पाचं बोट वाकतच नव्हतं. शेवटली काही वरसं."

"मग ती मोकळी जागा?"

"ती त्यानं मागून घेतली. एक दिवस इथंच बसून मला म्हणाला, त्या जागी बोल जलद आहेत, मला आता होत नाही. मी हात उचलतो, तू गाणं थांबव. लोकांना वाटू दे, पदच तसं आहे. मी म्हटलं, देवा, बरं झालं बोललास. तिथं माझाही दम पुरत नव्हता, तुला सांगायला लाज वाटत होती." मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. "दोघांनी मिळून दोन म्हातारे लपवले गे."

"आणि लोकांना कळलं नाही?"

"कळतंय कशाला? त्यांना आवडलं. आता माझे शिष्य त्या जागी मुद्दाम थांबतात. दम आहे, बोटं आहेत, तरी थांबतात. विचारलं तर म्हणतात, आपली परंपरा आहे!"

मीही हसले, हसता हसता मला कसंतरीच झालं. तुमच्या न वाकणाऱ्या बोटावर मी माझा सगळा खेळ उभा केला होता, अप्पा. परतताना रिक्षात मामांचा तेवढा एकच शब्द कानात बसला होता: मागून घेतली. तुम्ही मागितलंत. तुम्ही, जेवताना मीठसुद्धा न मागणारे, अम्मा वाढेल तेवढंच खाणारे. आणि कुणी न मागताच दिलं तर? या विचारासरशी मला ती कोल्हापूरची पोरगी आठवली. गेल्या मोसमापासून पहिला बॉल ती घेते, आधी मी घ्यायचे. फास्ट बोलरला ती खेळत असताना पलीकडून मी सिंगलसाठी निघाले की "नको ताई!" म्हणून ओरडून परत पाठवते, आणि दुसऱ्या टोकाच्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलवर मात्र स्वतः जिवाच्या आकांतानं धावून पुढच्या ओव्हरची स्ट्राइक घेते. एकदा ड्रेसिंग रूममध्ये मी तिला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "एवढी हावरी असू नये, थोडा खेळ दुसऱ्यालाही ठेवावा." ती बुटाच्या नाड्या सोडत राहिली होती.

आज सकाळी तिला फोन केला. "पहिला बॉल तू का घेतेस गं?"

"सांगितलंय की ताई. पलीकडं नुसतं उभं राहिलं की मला धडधडतं."

"खरं सांग."

 ती म्हणाली, "रागावू नका. फास्ट बोलिंगला तुमची बॅट उशिरा येतीया. स्पिन तुम्ही अजून झोपेत खेळता. म्हटलं, नवा बॉल मी बघते, तोवर तुमचा जम बसू दे."

"आणि मी तुला हावरी म्हटलं तेव्हा?"

"तेव्हा लई वाईट वाटलं. रडले बी बाथरूममध्ये. पण सांगायचं कसं? तुम्ही काय मागणाऱ्यातल्या हाय व्हय?"

कानशिलं तापली माझी. आधी राग आला, हिला कुणी सांगितलं होतं माझी काळजी करायला. मग त्या पोरीची माया दाटून आली. तिला म्हटलं, "तू भेट, मग तुला बघते," तर ती म्हणाली, "या की, वाट बघतीय." फोन ठेवला आणि तसाच अध्यक्षबाईंना लावला. म्हटलं, येते दौऱ्याला, पण ओपनिंगला नाही. पाचव्या नंबरला द्या, जुना बॉल आणि स्पिन मला अजून होतं. ओपनिंगला माझ्या जागी, इतके दिवस संघाबाहेर थांबलेली जी मुलगी आहे, तिला घ्या. पाचवी जागाही माझ्यासाठी नसेल तर सरळ नाही म्हणा, फुलं नकोत.  बाई म्हणाल्या, "असं आजवर कुणी मागितलं नाही माझ्याकडं. संध्याकाळी कळवते." ऊन कलायला लागलंय, फोन अजून आलेला नाही, आणि नाही आला तरी मागितल्याचं मला वाईट वाटत नाहीये.

पत्र टाकायला पत्ता नाही, मामांना वाचून दाखवलं तर हसून हसून त्यांचा जीव जायचा, म्हणून हे इथंच राहील. तेव्हा एक गोष्ट कबूल करून टाकते. त्या शेवटच्या वर्षांत दुपारी तुम्ही खोलीचं दार लावून घ्यायचात आणि आतून काहीतरी जलद, अडखळत वाजत राहायचं, तुटायचं, परत सुरू व्हायचं. अम्मा म्हणायची, उंदीर मृदंग खातोय वाटतं. जागा मागून घेतली होतीत ना, मग दार लावून काय करत होतात, हे मला आज दुपारी समजलं. जेवणं झाल्यावर मी माळ्यावरची ती वादी बांधलेली बॅट काढली आणि गच्चीवर गेले. वाळत घातलेल्या कपड्यांमागं, अम्माला दिसणार नाही अशी, वाकून उभी राहिले. पाचव्या नंबरला नव्हे. मनातल्या मनात नवा बॉल, पहिली ओव्हर, समोरून माझा स्टंप उडवणारी तीच फास्ट बोलर. पुन्हा पुन्हा उशीर झाला, अप्पा, आणि पुन्हा पुन्हा मी खेळले.