रांजण कडू झाला

दामयांग,
१४ एप्रिल १९९८

चि. सौ. दुकशिम हीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण ठीक काहीच नाही. फोनवर बोलता येत नाही, कारण फोन बसायच्या खोलीत आणि सून ह्येरिमही तिथंच. म्हणून कागद घेतला.

पित्ताशय काढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, खड्यांची पिशवीच गेली, आता सुखानं जेवा. कसलं सुख आणि कसलं काय! चार घास भात गेला की पोट फुगतं, डुकराच्या मांसाचा एक तुकडा खाल्ला की संडासाकडे पळापळ. जेवून जरा आडवी झाले की छातीपासून घशापर्यंत जळजळ वर येते. उशांचा ढीग करून बसल्या बसल्या झोपते. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत असते, जणू काही हरवलंय.

पण पोटाचं राहू दे. वर्षभराच्या स्वयंपाकाचा सोयाचा रस, आपला जांग, कडू झालाय.

यंदा जांग घालायच्या दिवसांत मी इस्पितळात होते. सोयाच्या ढेपा मिठाच्या पाण्यात घातल्या त्या ह्येरिमनं, एकटीनं. या घरात येऊन तिला पुरती दोन वर्षंही झाली नाहीत. कोळसा, लाल मिरच्या, रांजणाच्या गळ्यात गवताची दोरी, नजर लागू नये म्हणून दोरीला उलटा कागदी मोजा, सगळं केलं म्हणते. गेल्या आठवड्यात रस गाळला, चाखला, तर कडूजहर. मग भीत भीत सासूबाईंच्या जुन्या जांगाच्या, विरजणाच्या रांजणात बोट घातलं. ह्येरिमनं रीतीप्रमाणे नव्या रसाची भर त्यात घातली होती. तोही कडू!

लढाईत सासूबाईंनी जो जमिनीत पुरून वाचवला, तो रांजण माझ्या हयातीत नासला. जांग बिघडला की घर बिघडतं, हे तुला मी काय सांगू. माझा जीव थाऱ्यावर नाही.

भावजींना आणि मुलांना आशीर्वाद. पत्र येईल तेव्हाच जरा बरं वाटेल.

तुझी,
ताई


बुसान,
२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की काळजी करावी कळेना. पोटाबद्दल एक परिच्छेद आणि रांजणाबद्दल एवढं मोठं पुराण! सासूबाई वर बसून म्हणत असतील, सून मिळाली ती अशी.

आमच्या सार्वजनिक स्नानगृहात तिकिटाच्या खिडकीशी बसून बसून मी अर्धी डॉक्टर झाले आहे, हे तुला ठाऊक आहे. कपडे उतरवले की बायकांची तोंडंही मोकळी होतात. म्हणून सांगते, एका बैठकीला पोटभर खाऊ नकोस. तांदळाची पेज घे, थोडी थोडी, दिवसातून चारपाचदा. तळलेलं आणि तीळतेल सध्या बंद. जेवून लगेच आडवी पडू नकोस. आणि पुन्हा डॉक्टरकडे जा. तू जाणार नाहीस, मला माहीत आहे. लहानपणी दात दुखला तेव्हा कोठीत लपून बसली होतीस.

एक विचारते. तो जांग तुझ्याखेरीज आणखी कोणी चाखला का? तू चुकलीस असं मी म्हणत नाही. म्हणेन तर तू इथवर चालत येऊन मला बदडशील.

तुझ्या मायेची सवय झालेली,
दुकशिम


दामयांग,
२५ एप्रिल

चि. सौ. दुकशिम,
आशीर्वाद.

चाखला, सगळ्यांनी चाखला. ह्येरिम आधी म्हणाली, छान झालाय. मी पळी जमिनीवर ठेवली आणि म्हटलं, म्हणजे इतकी वर्षं या घराचा जांग चाखणारी माझी जीभ खोटी आणि तुझी खरी? तिनं पुन्हा चाखला आणि म्हणाली, हो आई, कडू आहे. शेजारच्या वहिनींना बोलावलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, पळी ओठाला लावली आणि मान डोलावून म्हणाल्या, कडवट आहे खरा. लेकाला, तेगिलला, विचारलं, तर तो म्हणाला, आई, तू म्हणतेस तर असेलच. आता आणखी काय पुरावा हवा?

ह्यांचं श्राद्ध पुढल्या महिन्याच्या मध्यावर आहे. कडू जांगाचा नैवेद्य ह्यांच्यापुढे ठेवायला माझे हात धजणार नाहीत. त्याआधी मी दोन्ही रांजण ओतून टाकणार आहे. सासूबाईंचा रांजण फोडणार. नासलेल्या भांड्यात पुन्हा काही घालत नाहीत.

पेज घेते आहे. पेजही बेचव लागते.

ताई


दामयांग,
२८ एप्रिल

ती. मावशींना,
शि. सा. न.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही, म्हणून चुकलं तर माफ करा. आईंना कळू देऊ नका.

मावशी, जांग कडू नाही. यंदा तर तो इतका चांगला उतरला आहे की आईंना दाखवायची मला घाई झाली होती. त्या इस्पितळात असताना मी रोज सकाळी झाकण काढून ऊन दाखवायची आणि संध्याकाळी न चुकता झाकण लावायची. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तेव्हा त्या दोन वेळा जेवल्या नाहीत. आधीच त्यांच्या पोटात काही टिकत नाही. मग मी कडू आहे म्हणाले. शेजारच्या काकू नंतर मागच्या दाराशी मला म्हणाल्या, पोरी, जांग सुरेख आहे, पण तुझ्या सासूला तसं कोण सांगणार?

आता त्या रांजण ओतणार. माझ्या हातानं नासला असं सगळे म्हणतील, ते मी सोसेन. पण मी खोटं बोलले म्हणून तो जाणार, हे मला सहन होत नाही. आता खरं सांगायला गेले तर तेव्हा खोटं का बोललीस म्हणतील. तुम्हीच काहीतरी करा.

आपली,
ह्येरिम


बुसान,
२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पळी खाली ठेव आणि हे नीट वाच.

काल आमच्याकडे एक बाई आल्या, गाण्याच्या शिकवणीवाल्या. पोटावर तुझ्यासारखेच बारीक बारीक व्रण. मी आगाऊपणा करून विचारलंच. त्यांचंही पित्ताशय काढलंय. म्हणाल्या की आता पित्त साठवायला पिशवी नाही, ते सारखं झिरपत राहतं, आणि काही जणांत उलटं जठरात शिरून वर येतं. सकाळी उठलं की तोंड कडू. त्यांनी तर नवऱ्याशी भांडण काढलं होतं की चहात काय घातलंस. शेवटी डॉक्टरनं नळी घालून बघितलं आणि औषध दिलं.

म्हणून तुझं एक काम. उद्या सकाळी उठल्याबरोबर, काही खायच्या आधी, आपल्या विहिरीचं साधं पाणी तोंडात धर. तेही कडू लागलं तर विहीर बुजवणार आहेस का? नाही ना? मग ग्वांगजूच्या इस्पितळात जा आणि पोट दाखव. तोवर रांजणाला हात लावलास तर श्राद्धाला मी येणार नाही आणि पुढल्या श्राद्धालाही नाही. हे मी चेष्टेत लिहिलेलं नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
दुकशिम


दामयांग,
११ मे

चि. सौ. दुकशिम हीस,
अनेक आशीर्वाद.

पाणी कडू लागलं. मी पेला बदलला, तरी कडू. तेगिलला हाक मारली आणि ग्वांगजूला गेले. त्यांनी घशातून नळी घातली. ते मेलं सुख तुझ्या वैऱ्यालाही नको. जठरात पिवळंहिरवं पित्त साचलेलं पडद्यावर मीच बघितलं. डॉक्टर पोरगेलासा होता, त्यानं विचारलं, आजी, तोंड कडू असतं का? माझ्याआधी तेगिलनंच हो म्हणून मान हलवली. गोळ्या दिल्या आहेत आणि जेवणाचं तू सांगितलंस तेच सांगितलं. बरं व्हायला वेळ लागेल म्हणाला.

घरी येऊन मी ह्येरिमला रांजणांच्या ओट्यावर नेलं. सासूबाईंच्या रांजणातली पळी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, चाख. पळी ओठाला लागायच्या आत ती म्हणाली, कडू आहे, आई.

दुकशिम, तेव्हा माझ्या लक्षात आलं की जिभेचं दुखणं फक्त माझंच नव्हतं, मी ते तिलाही लावलं. मी तिला डॉक्टरचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "माझी जीभ आजारी आहे. तू तुझ्या जिभेनं सांग."

तिनं घोटभर घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. म्हणाली, "गोड आहे. पहिल्या दिवसापासून गोड आहे. पण आई, उद्या तुम्ही पुन्हा कडू म्हणालात, तर मी कडूच म्हणेन."

रांजण वाचला याचा आनंदही नीट झाला नाही. घरात माझ्या शब्दाचा मान आहे असं मी समजत होते, आणि खरं बोलायची कुणाची छाती नव्हती. मी तिथंच ओट्यावर बसले आणि तिला सांगितलं की आजपासून जांग चाखायचं काम तुझं. मी काही म्हटलं तरी तू तुझंच म्हणायचं. ती हो म्हणाली, पण माझा विश्वास बसला नाही. मला हो म्हणायची तिला सवयच लागली होती.

काल रात्रीच्या जेवणाला समुद्रशेवाळाचं सूप केलं. ताटं वाढायच्या वेळी मी तिला चव घ्यायला लावली. तिनं घेतली, पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि हळूच म्हणाली, आई, जांग कमी पडलाय. तेगिलच्या हातातले चमचे खाली पडले. मी आणखी एक पळी घातली.

श्राद्धाला तू येच, भांडायला माणूस हवं. आम्हाला जीव लाव, पण पोटाच्या चौकशा पुरे.

जेवताना मला ते सूप कडूच लागलं. ह्येरिमनं दुसरा वाडगा घेतला.

तुझी,
ताई