भरून ठेवलेला आवाज

बुधवार, २ मे २०१८

नव्या घरी आलेलं सामान: पेट्या दोन, धानाचे कट्टे सहा, देव, पाटा-वरवंटा, तुळशीची कुंडी. ट्रॅक्टरचं भाडं बाराशे. उतरवणाऱ्यांना चहा-चिवडा ऐंशी. फुटलं काही नाही, देवाची कृपा. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं म्हणून दारात बसून रडणाऱ्यांतली मी नाही. या पुनर्वसनात दाराशी नळ आहे, डोक्यावर स्लॅब आहे, मारुतीचं देऊळ हाकेवर. पूर्वेला देव मांडले, दिवा लावला, शिरा केला. यांनाही घर आवडलं. फक्त इथली सगळी दारं सारखी. हे दोनदा शेजारच्या गोदावरीबाईच्या घरात जाऊन बसले. ती म्हणाली, बसा ना भाऊजी, चहा इथलाही गोडच आहे. खूप हसलो.

मंगळवार, ८ मे

रंजितानं पुण्याहून मोबाईल पाठवला. किंमत विचारली तर पोरगी सांगत नाही. यांना वर्षभरापासून विसर पडतो. गोळी घेतली का, जेवण झालं का, दार कोणतं, दिवसातून वीसदा तेच सांगावं लागतं. ती म्हणाली, आई, एकदा बोलून भरून ठेव, बाबानं बोट लावलं की वाजते. मला पटलं. एकदा बोलावं आणि शंभरदा वापरावं, यात नुकसान कुठे आहे? अकरा तुकडे भरले. गोळी घ्या. जेवण झालं तुमचं. आपलं दार तिसरं. उन्हात जाऊ नका. असे सगळे वहीत क्रमानं लिहून ठेवले. पिशवी शिवून मोबाईल यांच्या गळ्यात अडकवला.

सोमवार, १४ मे

छान चाललं आहे. मोबाईल म्हणतो गोळी घ्या, हे म्हणतात हो वो, घेतो, आणि खरंच घेतात. मला दुपार मोकळी. आज तीन किलो तांदूळ निवडून झाले आणि यांच्याशी एक शब्द बोलावा लागला नाही. घसा मात्र बसला आहे. नळाचं पाणी बाधलं असेल. हळदीचं दूध घेतलं.

गुरुवार, १७ मे

कालपासून अधिक महिना लागला. रोज एक अध्याय मोठ्यानं वाचायचा नेम धरला, पण आवाज अर्धाच निघतो.

दुपारी हे लाजत लाजत आत आले. म्हणाले, चौतीस वर्षांनी नाव घेतलंस माझं, आज काय निघालं तुझ्या मनात?

मी मोबाईल घेतला. वहीत अकरा तुकडे, त्याच्यात बारा. बारावा लावला. आवाज माझाच. यांना नावानं हाक मारत होता, लाडानं, तीनदा. मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. या वहीतही ते नाव कुठे नाही. अंगावर काटा आला. भिंतीपलीकडून गोदावरीबाई ओरडली, काय वो बाई, नवऱ्याले नावानं हाका? पोरीच्या पुण्याची हवा इथपर्यंत आली का?

बारावा पुसून टाकला. मारुतीला तेल वाहिलं.

रविवार, २० मे

आज सतरा आहेत. पुसले की पुन्हा येतात.

पंधराव्यात आमच्या पहिल्या लेकराचं आहे. नऊ दिवसांचा होऊन गेला. आम्ही दोघं त्याच्याबद्दल कधी बोललो नाही, बोलून काय परत येणार होता? मोबाईलमधली ती बोलते. त्याची मूठ कशी होती, ते सांगते. ते मला आठवतं, तिला कसं माहीत? हे डोळे पुसत ऐकत होते. मला म्हणाले, तू इतकं कधी बोललीच नाहीस.

खरं आहे. नाही बोलले.

गुरुवार, २४ मे

पोथी उघडली. ओठ हलले, आवाज नाही. पवनीचे डॉक्टर म्हणतात घशात काही नाही.

गोळी हातात दिली तर हे म्हणाले, बाई, तुम्ही कोणाकडच्या? घरच्यांना विचारून घेतो. आणि मोबाईलला विचारलं, ही कोण आली वो?

तो म्हणाला, माझ्याच आवाजात — मी नाही ओळखत.

पाटीवर लिहून दाखवलं. शेवटच्या शब्दापर्यंत जाईस्तोवर यांना पहिला आठवत नाही.

सोमवार, २८ मे

हे आंघोळीला गेले तेव्हा मोबाईल बादलीत बुडवला. पाण्यातही ती बोलतच होती — हसत — यांनी धावत येऊन काढला. माझ्यावर हात उगारला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. चुकलं माझं. एकेक शब्द वाचवला, आता —

बुधवार, ३० मे

आज त्यात रंजिताचा आवाज. बाबा, जेवलात का. बाबा, मी मजेत. चार तुकडे. म्हणते, आईच म्हणाली, तू कामात असतेस, रोज कायले बोलतेस, एकदा भरून ठेव.

मी म्हणाले नाही. मी म्हणाले नाही.

चौथ्या तुकड्यात पोरगी दोनदा खाकरली.

गुरुवार, ३१ मे

चि. रंजितास अनेक आशीर्वाद.

हे पान फाडून गोदावरीबाईच्या हाती टपालात टाकते आहे. उत्तर तिच्याकडे यावं म्हणून पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता तिचाच घातला. रोज तुझ्याशी बोलते ती मी नाही. मला बोलता येत नाही बाळ, आठ दिवस झाले. तू आणखी भरू नकोस. घसा दुखतो का? हळद घे — नाही, हळदीनं काही होत नाही. कोणाशी तरी बोल, समोर बसून बोल, खूप बोल, वाचवू नकोस —

आत्ता आतून तुझा पाचवा वाजला. सहावा. पत्र जायला चार दिवस, यायला चार —

तरी उलट टपाली कळव. तुझ्या हातानं लिही. फोन करू नकोस. फोनवर तू बोललीस तरी मला कसं कळणार की ती —