दोन चमचे हिरवी भुकटी

दि. ४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचं खुब्याचं हाड जुळलंय, पण अंग काही भरत नाही. महिन्यात दोन किलो उतरली. डॉक्टर म्हणतात, प्रथिनं वाढवा. मी अंडं उकडलं की ती तोंड फिरवते आणि तुमच्या कंपनीची शेवाळाची भुकटी दोन चमचे पाण्यातून घेते. डब्यावर तपासनीस म्हणून माझ्या लेकाची सही आहे, कोंबडीची नाही, म्हणते! मी दिवसभर तुमच्याच वाळवणीवर ते हिरवं शेवाळ उलथते, तेव्हा मला त्याचं कौतुक बेताचंच. तेवढं पुरतं का तिला, आणि मीच उगीच तिचा जीव खाते?

कळावे. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
धाकटी

दि. ११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

भुकटी आजच बंद कर. अंडं, दूध, जाईल ते दे. विष नाही ते, पण डब्यावर छापलंय तेवढं प्रथिन त्यात नाही. आम्ही नायट्रोजन मोजतो आणि ठरलेल्या आकड्याने गुणून प्रथिन काढतो. शेवाळातला बराच नायट्रोजन प्रथिनाचा नसतोच, म्हणून तिथे लहान आकडा घ्यायचा असतो. साहेबांना माल खपवायचा होता. मी मोठा घेतला. चव आणणारी अमिनो आम्लं त्यात भरपूर आहेत, पण अंग भरायला लागतं ते लायसिन कमी, आणि आहे तेही धड पचत नाही. हे घराबाहेर जाऊ देऊ नकोस, माझी नोकरी जाईल.

कळावे. लोभ ठेव म्हणायला जीभ रेटत नाही.
दादा

दि. १९ जानेवारी

ती. दादास,
सा. न.

आईला आता अक्षर दिसत नाही, म्हणून तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. तू मोठा आकडा घेतलास ते गाळणार होते, तिने माझ्या तोंडावरून ओळखलं. मग अंडं मागून घेतलं.

तुला ठाऊक नाही, तुझ्या कौतुकापायी तिने गल्लीत सात घरी डबे दिले होते. शिंपीणबाईंची सून पोटुशी, दूध सोडून तेच घेत होती. काल आई काठी टेकत सातही घरी गेली. मी जाते म्हटलं तर ऐकेना. प्रत्येक दारात सांगितलं, की आकडा खोटा आहे आणि माझ्या मुलाने लिहिलाय. शिंपीणबाई काय काय बोलल्या ते लिहीत नाही. आई ऐकत उभी होती, डॉक्टरांनी उभं राहायची मनाई केलेली असताना. आज सकाळी मुकादमाने मला वाळवणीवरून घरी पाठवलं.

दादाला काय कळवू, म्हणून विचारलं. म्हणाली, सात दारं माझी झाली, बाकीची त्याची.

कळावे. लोभाचं नंतर बघू.
धाकटी