आत्या, बाबा आणि कोरडी खोली

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा दमट नमस्कार. कागद ओलसर लागला तर मी रडत लिहिलंय असं समजू नकोस. इथे सगळंच ओलं लागतं, कपाटातली इस्त्रीची चादरसुद्धा. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आमच्याकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोनच्या तारा वादळाने पाडल्या, टपाल तेवढं चालू आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

वादळांचे दिवस सुरू झाले आणि बाबांच्या वाद्यांची काळजी माझ्या गळ्यात पडली. चार व्हायोलिनं आणि तो अवाढव्य चेलो, ज्याला आपण लहानपणापासून 'आत्या' म्हणत आलो (खऱ्या आत्याच्या कानावर हे अजून गेलेलं नव्हतं). लाकूड ओलावा पितं, फुगतं आणि जिथे सरसाने चिकटवलंय तिथे सुटायला लागतं, हे तुला मी काय सांगणार. बाबांनी अंथरुणातून हुकूम सोडले: तारा जरा सैल कर, पेट्या भिंतीला टेकवू नको, जमिनीवर ठेवू नको. भिंत नको, जमीन नको. राहता राहिलं छत. हिने चपलांच्या दुकानातून, खोक्यांत टाकतात त्या ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या मागून आणल्या आणि माझ्या जुन्या मोज्यांत भरून पेट्यांत ठेवल्या. बाबांनी एक पेटी उघडायला लावली, वास घेतला आणि ओलावा परवडला म्हणाले. मग मी कपाटात बल्ब पेटता ठेवायचा जुना उपाय केला. कपाट छान कोरडं झालं. माझा लग्नातला कोट तर इतका कोरडा झाला की त्याला पाठीवर भोक पडलं.

घरात खरी कोरडी खोली एकच, बाबांची. त्यांच्या छातीसाठी तिथे हवा कोरडी करणारं यंत्र लावलंय, त्याच्या शेजारी श्वासाचं. तेव्हा सगळा लवाजमा तिथेच नेला. व्हायोलिनं टेबलावर, आत्या पलंगालगत आडवी, पलीकडे बाबा. डॉक्टर आले तेव्हा नाडी बघायला त्यांना आत्याला ओलांडून जावं लागलं. "यातला पेशंट कोणता?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "आधी तिला तपासा." खरं सांगू, ते दिवस बरे गेले. बाबा दोन घास जास्त जेवायचे. ओलावा मोजायचं ते गोल, काट्याचं यंत्र उशाशी घेऊन पडायचे आणि काटा जरा सरकला की मला हाक मारायचे. स्वतःचा ताप किती आहे, ते मात्र कधी विचारलं नाही.

मग ते मोठं वादळ आलं. दुपारची जेवणं होताहोता वीज गेली. इन्व्हर्टरवर एकच यंत्र चालतं. कोणतं, हा प्रश्न मला पडला नाही. श्वासाचं लावलं, खिडकीच्या फटींत जुनी फडकी कोंबली आणि स्वयंपाकघरात शिरलेलं पाणी उपसायला गेलो. परत येऊन बघतो तर बाबांनी काठीने प्लग ओढून काढला होता आणि, कसा कोण जाणे, दुसऱ्या यंत्राचा लावला होता. ओठ निळे. काटा मात्र जागच्या जागी. मी प्लग बदलला, नळी नाकाशी लावली. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो, ताई, आयुष्यात पहिल्यांदा. ते शांतपणे म्हणाले, "मला दम धरता येतो. लाकडाला येत नाही."

संध्याकाळी कडकन आवाज झाला. मला वाटलं, खिडकी. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "आत्या गेली." जिन्याच्या दारात पाणी झाडत असलेल्या हिने ते ऐकलं आणि "अगं बाई, आत्या गेली?" असं इतक्या मोठ्याने विचारलं की खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंपर्यंत पोचलं. वारा जरा पडताच चार शेजारी गंभीर चेहऱ्याने आत्याच्या घरी सांत्वनाला गेले. दार खुद्द आत्याने उघडलं. तेव्हापासून ती आमच्याशी बोलत नाही.

मी बाबांचा हात धरून चेलोच्या कडेवर ठेवला. नख आत जाईल एवढी फट. त्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. म्हणाले, "सरस सुटलाय, लाकूड शाबूत आहे. सरस सुटतो म्हणून तर लाकूड वाचतं. घाईने चिकटवू नको. हवा कोरडी होईतो थांबायचं." कोणी थांबायचं, ते बोलले नाहीत. त्यानंतर तसं काहीच फारसं बोललेले नाहीत. वीज आली आहे, दोन्ही यंत्रं चालू आहेत. डॉक्टर मात्र आता खोलीत विचारपूस करत नाहीत. जिन्यात उभे राहून करतात, माझ्याशी, हळू आवाजात.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. रस्ते खराब आहेत, तू उगाच धावत येऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं शेवटचं वाक्य बाबांनी घालायला लावलं.

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि तू सासरी जाताना नेलेल्या व्हायोलिनची चौकशी केली. म्हणाले, तिकडेही हवा दमट असेल, तिला म्हणावं ते इकडे पाठव, आपल्याकडे खोली कोरडी आहे. मी म्हटलं, पार्सलने मागवून घेतो. तर म्हणाले, "पार्सलने नको. ज्याने नेलं त्याच्याच हातून येऊ दे."

ता. क. ते व्हायोलिन मोडलं असेल, कोणाला देऊन टाकलं असशील, तरी ये. रिकामी पेटी आण. उघडून बघण्याइतकी ताकद त्यांच्या हातांत आता राहिलेली नाही.